साळ समजले, निघाला ईगेल

ये गं, ओढ ती खुर्ची जवळ. तू तिकडे येनात आणि मी इकडे बॉनमध्ये, म्हणून कागदावरच ओढ. पण बस माझ्यासमोर आणि कान दे पुढे, धरायचाय. तुला या देशात येऊन दोन वर्षं झाली. ट्रेनने पाच तासांचा रस्ता. गावाचं नावच मुळी येना, आणि तू काही येईनास! वर तिकडे बसून हसतेस. तुझ्या आईने फोनवर तुला सांगितलं, की मावशीने शेजारणीचा गरुड धूर करून मारायला काढला आणि पोलीस आले. अगं, गरुड कुणाच्या बागेत पानांच्या ढिगात राहतो का? तुझी आई माझी धाकटी बहीण, अर्धं ऐकून पूर्ण सांगायची तिला लहानपणापासून खोड. मी म्हटलं होतं ईगेल. तिने त्याचं ईगल केलं, इंग्रजीतलं. आणि तू, भिंगांच्या कारखान्यात एवढं संशोधन करणारी, एक फोन करून विचारलं नाहीस. नुसती हसरी तोंडं पाठवलीस. सात!

पोलीस आलेच नव्हते. पण त्या एका शब्दापायी या गावातलं माझं एकुलतं एक माणूस तुटायची वेळ आली होती, आणि तेव्हा मला हसू मुळीच येत नव्हतं. म्हणून सगळं लिहून काढते. सातवी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर तू सुधारून घे.

तुझे काका गेल्यावर मी मुलाकडे आले ते तुला ठाऊक आहे. मुलगा आणि सून सकाळी आठला ऑफिसात, नात पाच वर्षांची, ती कीटात, म्हणजे इथल्या बालवाडीत. संध्याकाळी घरी आली की मी विचारायचं, "सोन्या, काय खाल्लंस आज?" आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. तिला माझं कळतं, मला तिचं कळत नाही. म्हणजे आठ ते पाच माझ्याशी बोलायला फक्त फ्रिज. तो घूं करतो.

आमच्या इमारतीत खाली तळमजल्याला बाग असलेलं घर आहे, त्यात शेजारीणबाई आणि तिचा नवरा. दोघंही निवृत्त. नावं लिहीत नाही, इथल्या लोकांना आपलं नाव कुठे लिहिलेलं आवडत नाही. मी येऊन महिना झाला असेल. भाजीची पिशवी घेऊन जिन्याने चढत होते, तर हिचं दार उघडं आणि आतून आवाज, "या... या, या... या!" आता कुणी एवढ्या आग्रहाने 'या, या' म्हणतंय म्हटल्यावर न जाणं बरं दिसतं का? मी चपला दाराशी काढल्या, आत गेले आणि सोफ्यावर बसले. बाई फोनवर बोलत होती! जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', हे मला त्या दिवशी कळलं. तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या कोथिंबिरीकडे पाहिलं. मग फोन ठेवला आणि कॉफी टाकली.

झालं. तेव्हापासून दर मंगळवारी तीन वाजता माझी तिथे खुर्ची. बागेत एक निळी लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर ती माझ्यासाठी उशी ठेवायची. ती केक करायची, मी शंकरपाळी न्यायचे. भाषा म्हणशील तर माझ्याकडे पन्नासएक शब्द आणि दोन हात. तिच्याकडे धीर. मला वाटतं आठवडाभर मी मंगळवार धरून जगत होते. हे मुलाला सांगितलं नाही कधी, त्याला वाईट वाटलं असतं.

आता ईगेल. ऑक्टोबर लागला, झाडांची पानं गळली. शेजारीणबाईने बागेच्या कोपऱ्यात सगळी पानं झाडून मोठा ढीग केला आणि तो पेटवेना की उचलेना. मी विचारलं, हे काय? ती तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "श्श! ईगेल!" आणि ढिगाकडे दाखवलं. दिसलं काहीच नाही. घरी येऊन नातीला विचारलं, ईगेल म्हणजे काय गं? ती धावत गेली आणि चित्रांचं पुस्तक घेऊन आली. त्यात एक प्राणी, अंगभर काटे, डोक्याला टोपी, हातात छत्री आणि शेजारी त्याच्याएवढीच एक मुलगी उभी.

अगं, ही तर साळ!

तू पुण्यात वाढलीस, तुला साळ ठाऊक नसेल. पुस्तकात साळिंदर म्हणतात, आमच्या तळकोकणात साळ. चांगली कुत्र्याएवढी होते. पाठीवर हात-हातभर काळेपांढरे काटे, मानेवर राठ केसांची आयाळ. आमच्या घरामागच्या भरडावर, म्हणजे वरकस जमिनीवर, आम्ही रताळी लावायचो, कुंपणाला कणगरांचे कंद. साळ एकदा शिरली की वाफाच्या वाफा उकरून टाकायची. खाल्लं तर खाल्लं, अर्धं कुरतडून पुढच्या वेलाला जायची. नारळाचं नवं रोप लावलं की त्याचा कोंब खालून पोखरायची. सकाळी बघावं तर रोप आडवं. बाबा आत येऊन कोयती शोधायला लागायचे, की आई समजायची. ती रताळी म्हणजे आमचं पावसाळ्यानंतरचं पोट होतं.

मग वाडीतले पाच-सहाजण जमायचे. पडलेल्या काट्यांवरून आणि उकरलेल्या मातीवरून माग काढत बिळाशी जायचं. साळीच्या बिळाला दोन-तीन तोंडं असतात. एक ठेवून बाकीची धोंड्यांनी बुजवायची. उरलेल्या तोंडाशी शेणी, म्हणजे गोवऱ्या, पेटवायच्या, वर नारळाची सोडणं आणि मूठभर सुक्या मिरच्या, आणि सुपाने वारा घालत धूर आत ढकलायचा. बाहेर दांडके घेऊन पुरुष उभे. आम्ही मुलं लांब, डोळे चोळत, शिंकत. आतून आधी आवाज यायचा, खुळखुळ, खुळखुळ, कुणी काचेच्या बांगड्यांची टोपली हलवावी तसा. आणि साळ बाहेर यायची ती उलटी, पाठ पुढे करून! बाबा ओरडायचे, "गो चेडवा, मागे राव नको!" पोरी, मागे थांबू नको, कारण ती उलटी धावते आणि काटे घुसवते. आमच्या कुत्र्याच्या नाकात एकदा चार काटे रुतले होते. आई त्याला मांडीत दाबून चिमट्याने ओढत होती आणि शिव्या देत होती, कुत्र्याला नव्हे, बाबांना.

साळ मारली की मटणाचे वाटे व्हायचे. कुत्रा ज्याचा त्याला एक जास्त. आयाळीचे आणि अंगावरचे लांब राठ केस आमचा काका घ्यायचा, ते बांबूच्या काडीला बांधून त्याचा कुंचला करायचा, देवाच्या पितळी मूर्तीच्या खाचा त्याने लख्ख निघत. काटे आम्हां मुलींचे. माझ्याकडे त्यातला एक अजून आहे. माझी आई त्याने माझा भांग पाडायची, म्हणून मी तो जपून ठेवला. इकडे येताना केसांच्या फण्यांबरोबर डब्यात घातला. मुलगा नंतर डोक्याला हात लावून म्हणाला, "आई, वन्य प्राण्याचा काटा! पकडली असती तर?" मला काय ठाऊक. आता साळ मारायला कायद्याने बंदी आहे, आणि चांगलंच आहे. पण तेव्हा कुणाला पाप वाटलं नाही. हे मी तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही.

तर सांगत काय होते, शेजारणीच्या बागेत साळ! आणि बिचारीने नुकतेच ट्यूलिपचे कांदे पुरलेले, दोन दिवस वाकून वाकून. माझ्या डोळ्यांसमोर आमचा भरड उभा राहिला. म्हटलं, हिने मला एवढं आपलं मानलं, आता हिच्या उपयोगी पडायची आपली वेळ. या गल्लीत साळ काढण्यातलं माझ्याइतकं कळणारं दुसरं कोण असणार?

मंगळवारी मी नुसती शंकरपाळी नेली नाही. पिशवीत नारळाची करवंटी, मूठभर बेडगी मिरच्या, काड्यापेटी. आणि सूप नव्हतं म्हणून पिझ्झा येतो तो पुठ्ठा. शेजारीणबाई कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा मी ढिगाभोवती फिरून बिळाची तोंडं शोधत होते. एका फटीवर मी कुंडी सरकवून ठेवलीसुद्धा होती.

ती म्हणाली, "वास माखन झी दा?" काय करताय?

मी समजावलं. शब्द होते माझ्याकडे! "राउख" म्हणजे धूर, हा शब्द मला पाठच होता, कारण माझी फोडणी पडली की स्वयंपाकघराच्या छतावरचं यंत्र किंचाळतं आणि सगळे 'राउख, राउख' करत खिडक्या उघडतात. मी ढिगाकडे बोट केलं. "ईगेल. इष राउख." पुठ्ठ्याने वारा घालून दाखवला. "ईगेल राउस!" ईगेल बाहेर! मग दोन्ही हातांनी दांडका उगारला. "माइन फाटर, ईगेल, फीले, फीले!" माझे वडील, पुष्कळ ईगेल.

ती कॉफीचा ट्रे हातात धरून जवळ आली. अगदी हळू तिने विचारलं, "एसन?" खायचे?

मी म्हटलं, "या, या! झेर गूट!" हो, हो, फार छान!

ट्रे तिने गवतावर ठेवला आणि ढिगापुढे जाऊन हात पसरून उभी राहिली. जशी काही मी आत्ताच काडी ओढणार. "नाइन! फरबोटन! पोलित्साय!" नाही, मनाई, पोलीस! हा तुझ्या आईचा पोलीस. एवढाच. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. मी तिला धरायला पुढे झाले तर ती आणखी मागे सरली. मी पिशवी उचलून वर आले. करवंटी तिथेच राहिली.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "आई, तू एक्झॅक्टली काय म्हणालीस त्यांना?" मी सांगितलं. तो खाली बसला. सून म्हणाली, "अहो आई, ईगेल म्हणजे हेजहॉग, एवढासा असतो हो!" आणि मोबाईलवर फोटो दाखवला. तळहातावर मावणारं पिल्लू, बटणासारखं नाक. इथे लोक त्याला जिवापाड जपतात, बागेत पानांचं घर करून देतात, मारणं तर गुन्हाच. आणि मी म्हटलं होतं झेर गूट.

मुलगा म्हणाला, "थांब, मी बोलून येतो." आला दहा मिनिटांत, मान खाली घालून. "आल्झो, म्हणजे, आई... साळिंदराला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला पण येईना. मी म्हटलं, आई छोट्या ईगेलबद्दल बोलत नव्हती, मोठ्या ईगेलबद्दल बोलत होती."

"मग?"

"मग त्यांनी दार लावलं."

म्हणजे आधी मी पिल्लं खाणारी, आता मोठे पण सोडत नाही! सून हसून लोळायची बाकी होती. मी नाही हसले. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

पुढच्या मंगळवारी तीनला खिडकीतून पाहिलं. निळी खुर्ची बागेत नव्हती. त्याच्या पुढच्या मंगळवारी पण नाही. जिन्यात भेटली की "गूटन टाग" म्हणायची, पत्रपेटीकडे बघत. मी फराळाच्या चकल्या दाराशी ठेवल्या, तर त्या ताटलीसकट आमच्या दाराशी परत. सून म्हणाली, "जाऊ दे ना आई, आपण कोलोनला मराठी मंडळात जाऊ, तिथे बायका भेटतील." अगं, बायका भेटतील. पण तिच्याकडे जाऊन बसायला मला निमंत्रण लागलं नव्हतं. दुसरं असं घर या वयात कुठून आणू?

तिसऱ्या मंगळवारी कपडे धुवायला केलरमध्ये गेले. केलर म्हणजे तळघर, धुण्याची यंत्रं तिथेच. तिथल्या एका कोपऱ्यात शेजारणीच्या नवऱ्याचं टेबल असतं. त्याचा एक छंद आहे. उन्हाळ्यात तो आणि त्याच्या मंडळातले लोक रानात तंबू ठोकून अमेरिकेतल्या मूळच्या लोकांसारखे राहतात, तसे कपडे, तसे दागिने, सगळं हाताने करून. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा 'इंडेरिन', म्हणजे भारतातली, म्हणण्याऐवजी 'इंडियानेरिन', म्हणजे त्या मूळच्या लोकांतली, म्हणाले होते आणि त्या भल्या माणसाने दोन्ही हातांनी माझा हात हलवला होता. आज तो चष्मा कपाळावर चढवून पुटपुटत होता. पुढ्यात दोरी, मेणाचा दोरा आणि राठ लांब केसांची चूड. त्याला डोक्यावर कोंबड्यासारखा उभा राहणारा तुरा करायचा होता, पण जुडी बांधली की दोरा सैल पडायचा आणि केस घरंगळायचे.

मी कपडे बादलीत टाकून तिथेच उभी राहिले. ते केस मी ओळखले. काकाच्या कुंचल्यातले होते त्याहून लांब, जरा मऊ, पण मुळाशी तसेच जाड आणि शेंड्याला पांढुरके. मी बोट लावलं. "साळ!" म्हटलं.

तो म्हणाला, "श्टाखेलश्वाइन." मग टेबलाखालून एक पुस्तक काढून चित्र दाखवलं. हो, साळच. तिकडची, झाडावर चढणारी, पण साळ. तिकडेही ती पिकं आणि झाडांच्या साली खाते म्हणून लोक तिला मारतात आणि हे लांब केस अशा तुऱ्यांना वापरतात, हे त्याने चित्रं दाखवत आणि हातवारे करत मला समजावलं.

"श्टाखेल-श्वाइन," मी दोनदा म्हटलं. श्वाइन म्हणजे डुक्कर, हे मला मुलाने दुकानातल्या पाकिटांवरून आधीच शिकवलं होतं. म्हणजे काट्यांचं डुक्कर! मी छातीवर हात मारला. "माइन फाटर, श्टाखेलश्वाइन! ईगेल नाइन! नाइन ईगेल!"

त्याने चष्मा डोळ्यांवर आणला. मी म्हटलं, मोमेंट. दोन जिने चढले, डब्यातला काटा घेतला, दोन जिने उतरले. या गुडघ्यांनी! काटा त्याच्या हातात दिला. त्याने तो कुणी तान्हं मूल द्यावं तसा दोन्ही हातांवर घेतला आणि जिन्याच्या दिशेने ओरडला, "शात्स!" म्हणजे त्यांच्यातलं 'अगं ऐकलंस का'.

ती खाली येईपर्यंत मला भारी उकडायला लागलं होतं, थंड तळघरात. मी त्याची केसांची चूड ओढली आणि बांधायला बसले. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, कसा बांधतो आपण? दोन बोटांत दोऱ्याचा फेरा, त्यात देठ, आणि ओढ. फुलं चुरगळायची नाहीत आणि सुटायचीही नाहीत. तसेच केस घेतले, चार-चार, फेरा, ओढ. फेरा, ओढ. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा वीतभर झालं होतं.

नवरा तिच्याशी भराभर बोलला. तिने काटा घेतला. आपल्या हाताला लावून पाहिला, मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत. मग दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत इंचभर अंतर धरलं आणि मला विचारलं, "ईगेल?"

मी मान हलवली, नाही. काट्याकडे बोट केलं. मग बादलीकडे, एवढ्या उंचीचं असतं म्हणून. मग पाठ वळवून, उलटी चालत, तोंडाने खुळखुळ आवाज करत तिच्याकडे गेले.

तिच्या नाकातून आधी एक आवाज आला. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि जी हसायला लागली, की चष्मा पडला. "ग्रोसर ईगेल!" मुलाचं ते वाक्य तिला आठवलं. मोठा ईगेल! मी पण तिच्याशेजारी बसले. धुण्याचं यंत्र केव्हाच थांबून टुकटुक करत होतं.

त्या आठवड्यात खुर्ची बाहेर आली. पाऊस होता म्हणून बागेत नव्हे, तिच्या स्वयंपाकघरात. मुलगा माझ्याबरोबर आला होता, नीट सांगायला. रताळ्यांचं सांगितलं, की ती आमचं पोट होती. शेजारीणबाई केक कापता कापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, की युद्धानंतरच्या हिवाळ्यात तिच्या आईने कावळे शिजवले होते, आणि ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाने भाषांतर केलं. मी तिच्या ताटलीत शंकरपाळी वाढली.

नोव्हेंबरमध्ये तिला ढिगाबाहेर एक पिल्लू सापडलं, दिवसाढवळ्या लटपटत चालणारं. थंडीआधी अर्धा किलो भरायला हवं म्हणे, नाहीतर झोपेतच जातं. हे अर्ध्याच्या अर्धं. तिने खोक्यात टॉवेल घातला आणि पिल्लू आधी माझ्या हातात दिलं. इतकं हलकं, फुटाण्यासारखं काळीज धडधडत होतं. मी त्याला म्हटलं, "एन्टशुल्डिगुंग हं बाळा, माफ कर." मांजरांचा खाऊ खातं, दूध चालत नाही. दर मंगळवारी कॉफीच्या आधी आम्ही त्याला पीठ मोजायच्या वजनकाट्यावर ठेवतो आणि दोघी वाकून आकडा बघतो. तुरा पण पूर्ण झाला. नवरा म्हणतो, त्यांच्या मंडळात असा घट्ट कुणाचाच नाही. वळेसराची गाठ आहे, मी म्हटलं, सुटायची नाही.

आणि आता मुद्द्याचं. उद्या ती दोघं पंधरा दिवसांसाठी लेकीकडे जातायत. काल ती वर आली, स्वतःच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, पिल्लाचं सकाळ-संध्याकाळचं तुम्ही बघा. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. साळी मारणाऱ्याच्या लेकीला ईगेलवर ठेवलंय गं तिने! मी किल्ली देवाच्या फोटोखाली लटकवलीय आणि दिवसातून चारदा बघते, आहे ना.

पंधरा दिवस मी रोज खाली असणार. ईगेल चारशे ग्रॅम झालाय, ती परत येईपर्यंत अर्धा किलो करून दाखवायचाय, आणि वजन करताना टॉवेल धरायला दुसरं माणूस लागतं. सून घाबरते. तेव्हा शनिवारची गाडी धर. शंकरपाळी केलीय, निळ्या खुर्चीवर उशी ठेवते. येनाहून ये ना गं.